कोटा बायकोचा, घर नवऱ्याचं

‘घर तुझ्याच नावावर आहे ना? मग तुझी तक्रार काय?’

गेल्या दोन-तीन वर्षांत हा प्रश्न आम्ही इतक्या नवऱ्यांच्या, दिरांच्या आणि सासऱ्यांच्या तोंडून ऐकला आहे की, त्याला एकदा सविस्तर उत्तर द्यायलाच हवं. ज्या घराबद्दल हा प्रश्न विचारला जातो ते शहागंजमधलं नाही, सिडकोतलंही नाही. ते दुबईत आहे. तक्रार घेऊन आलेल्या बाईनं ते कधी पाहिलेलं नाही. त्याचे कागद तिच्याकडे नाहीत. भाडं किती येतं, कोणत्या खात्यात जमा होतं, तिला माहीत नाही. तिला ठाऊक आहे ते एवढंच की, दोन वर्षांपूर्वी बँकेतल्या एका फॉर्मवर तिची सही घेतली होती आणि आता आयकर खात्याचं पत्र तिच्या नावानं आलं आहे.

परदेशातल्या घरखरेदीवर या अंकात लेख पाहून काही मैत्रिणींना नवल वाटेल. आमच्याच बैठकीत एक कार्यकर्ती म्हणाली, ‘हा बंगलेवाल्यांचा प्रश्न आहे. आपण पाणी, रेशन, मारहाण आणि पोटगीचं बोलावं.’ तिचं म्हणणं आम्हांला अजिबात मान्य नाही. पोटगीचा दावा लावताना नवऱ्याची मिळकत कुठे आहे हे शोधावं लागतं. ती मिळकत समुद्रापलीकडे गेली असेल, तर पोटगीवर आपण नक्की काय बोलणार?

शहागंजमध्ये थोडं फिरून पाहा. घड्याळाचा मनोरा, जुनी मशीद, भाजीच्या आणि फळांच्या गाड्या, कपड्यांची दुकानं आणि पलीकडे सराफा. सत्तरच्या दशकात तेलाचे भाव चढले आणि आखातात माणसं हवीशी झाली, तेव्हापासून या गल्ल्यांतून इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, शिंपी आणि मग इंजिनियर, अकाउंटंट तिकडे जात राहिले. तिकडून येणाऱ्या पैशांतून इथे माळे चढले, बहिणींची लग्नं झाली, दुकानं उघडली. पण तो पैसा तरी कुठून सुरू झाला? पहिल्या व्हिसाचे आणि एजंटचे पैसे बहुतेक घरांत सराफ्यातूनच आले. म्हणजे बायकोच्या किंवा आईच्या बांगड्या मोडून आले. ही गोष्ट हिशेबात कधीच धरली जात नाही. नवरा ‘बाहेर’ कमावतो, हे सगळे सांगतात. त्याच्या मागे वीस वर्षं सासूचं आजारपण, मुलांच्या शाळा आणि घराची गळती एकटीनं सांभाळणारी जी आहे, तिच्या कामाला मोल नाही, म्हणून ती ‘घरीच’ असते!

पूर्वी हा पैसा निदान परत येत होता. इथे घर झालं, तर शेजारीपाजारी साक्षीला होते, सिटी सर्व्हेला नोंद होती, भांडण झालं तर तहसील आणि कोर्ट चालत जाण्याच्या अंतरावर होतं. २००२ साली दुबईच्या राज्यकर्त्यांनी ठरावीक भागांत परदेशी माणसांना कायमच्या मालकीनं घर घेण्याची मुभा दिली, २००६ साली नोंदणीचा कायदा केला, आणि सगळं बदललं. तिकडे राहणाऱ्यांनी तर घेतलीच, पण इथे बसून घेणारेही झाले. आता मोठ्या शहरांत हॉटेलांच्या सभागृहांत दुबईच्या बिल्डरांची प्रदर्शनं भरतात. महिन्याला एक टक्का भरा आणि मालक व्हा, असं सांगतात. २००८-०९ साली त्याच दुबईत घरांच्या किमती जवळजवळ निम्म्यावर आल्या आणि कितीतरी अर्ध्या इमारती तशाच उभ्या राहिल्या, हे मात्र त्या सभागृहात कोणी काढत नाही. पण तोट्याचं दुःख हा आमचा आजचा विषय नाही. पैसा बुडाला काय किंवा दुप्पट झाला काय, त्यात बाईचं काय होतं, हे आम्हांला पाहायचं आहे.

२०२४ च्या मे महिन्यात निरनिराळ्या देशांतल्या पत्रकारांनी मिळून दुबईतल्या मालमत्तांची बाहेर फुटलेली माहिती तपासून छापली. २०२२ सालच्या त्या माहितीवरून केलेला अंदाज असा की, सुमारे २९,७०० भारतीयांच्या नावावर तिथे ३५,००० घरं-मालमत्ता होत्या. परदेशी मालकांत भारतीय सर्वांत पुढे. वर्तमानपत्रांनी त्यातून बडी नावं शोधली. यादीतल्या बायका किती आणि त्यांतल्या किती जणींच्या हातात त्या घराची किल्ली आहे, हे शोधायला कोणी गेलं नाही.

आता इथून पैसा कसा जातो ते नीट समजून घेऊ, कारण सगळी मेख तिथे आहे. फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं अशी योजना आणली की, भारतात राहणाऱ्या कोणत्याही माणसाला वर्षाला २५,००० डॉलरपर्यंत पैसा परदेशी पाठवता येईल. मर्यादा वाढत गेली. मध्ये २०१३ साली ती ७५,००० वर आणून घरखरेदीला बंदीही घातली होती, ती पुढच्या वर्षी उठली. २०१५ पासून मर्यादा अडीच लाख डॉलरची आहे, म्हणजे दोन कोटी रुपयांच्या वर. ही मर्यादा कुटुंबाला नाही, माणशी आहे. बाई हीसुद्धा माणूस आहे हे आपल्या घरांना पटवताना आपल्या पिढ्या गेल्या. रिझर्व्ह बँकेच्या या एका परिपत्रकानं ते एका दिवसात पटवलं! ज्या सुनेला भाजीच्या पैशांचा हिशेब दर आठवड्याला सासूपुढे मांडावा लागतो, ती कागदावर अडीच लाख डॉलरची धनीण झाली. नवऱ्याचा कोटा संपला की बायकोचा, मग आईचा, मग अठरा पूर्ण झालेल्या मुलीचा. नवरा बायकोच्या खात्यात रक्कम ‘भेट’ म्हणून टाकतो, त्याच दिवशी ती तिच्या पॅनवर, तिच्या सहीनं बाहेर जाते. फॉर्म इंग्रजीत. ‘इथे, इथे आणि इथे सही कर,’ एवढंच मराठीत.

कापडाच्या धंद्यातल्या एका घरातली वहिनी अशीच आमच्याकडे आली. शिकलेली, बी. कॉम. झालेली. ती म्हणाली, ‘मी विचारलं होतं हो, कसला फॉर्म म्हणून. तर हे म्हणाले, तुझ्याच भल्याचं आहे.’ पुढे तिला कळलं की, खरेदीखतात तिचं नाव आहे, पण त्याच वेळी दिराच्या नावानं कुलमुखत्यारपत्रही करून घेतलेलं आहे आणि त्यात विकण्याचा अधिकारसुद्धा दिला आहे. नाव हिचं, हात दिराचा. दुसरी बाई शहागंजच्या मागच्या गल्लीतली. तिचा नवरा अठरा वर्षं तिकडे नोकरीला. तिच्या दोन पाटल्या आणि हार विकून पहिला हप्ता गेला. घर त्याच्या एकट्याच्या नावावर झालं, हे तिला त्याच्या दुसऱ्या लग्नाच्या बातमीबरोबरच कळलं. ती आम्हांला म्हणाली, ‘बाजी, मैं तो समझी थी घर हम दोनों का है.’ ती समजली, कारण तिला तसंच सांगितलं होतं.

या दोघींच्या गोष्टीत फरक आहे आणि नाहीही. एकीचं नाव वापरलं, दुसरीचं सोनं. आणि सोन्याची गोष्ट तर फार गंभीर आहे. स्त्रीधन हे बाईचं एकटीचं, नवरा ते फक्त सांभाळणारा, त्यानं परत दिलं नाही तर तो विश्वासघाताचा गुन्हा, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८५ सालीच सांगितलं आहे. मुसलमान बाईची मेहर आणि तिला मिळालेले दागिनेही तिचेच. म्हणजे सगळ्या मालमत्तेत जी एकच वस्तू कायद्यानं निर्विवाद बाईची होती, ती सराफ्यात मोडली आणि तिचं रूपांतर अशा भिंतींत झालं की ज्यांवर तिचा काहीही पुरावा नाही. मोडीची पावतीसुद्धा पुष्कळदा नवऱ्याच्या नावानं फाडलेली असते. याला कोणी गुंतवणूक म्हणत असेल तर म्हणो, बाईच्या बाजूनं ही सरळ हस्तांतरणाची रीत आहे.

‘पण कायद्यानं तर बाईचा फायदाच केला आहे,’ असं आमचे एक वकील मित्र म्हणतात. त्यांच्या बोलण्यात थोडं तथ्य आहे. रिझर्व्ह बँकेचा एक नियम खरोखर आपल्या उपयोगाचा आहे: घर घेण्यासाठी कुटुंबातल्या दोघातिघांचे कोटे एकत्र करायचे असतील, तर ते सगळे त्या घराचे सहमालक असले पाहिजेत. कोटा बायकोचा आणि मालकी एकट्या नवऱ्याची, हे चालत नाही. आणि नवरा तिकडे राहणारा असेल, पैसा तिकडच्या कमाईचा असेल आणि इथून काही जात नसेल, तर इथे राहणाऱ्या बायकोला त्याच्याबरोबर सहमालक व्हायला आपला कायदा आड येत नाही. म्हणजे ‘नियमात बसत नाही म्हणून तुझं नाव घातलं नाही,’ असं जो नवरा सांगतो तो खोटं बोलतो. हे आपल्या प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर लिहून ठेवलं पाहिजे.

पण सहमालक म्हणजे किती हिश्शाची, हे त्या खतात लिहिलेलं असतं आणि ते बाईला कोणी वाचून दाखवत नाही. शिवाय मालकीबरोबर जे येतं ते ऐका. भारतात राहणाऱ्या माणसाला परदेशातली मालमत्ता आयकराच्या विवरणपत्रात दाखवावी लागते, मग त्याचं उत्पन्न कर भरण्याइतकं असो वा नसो. नाही दाखवली तर २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली दहा लाख रुपये दंड आहे, आणि जाणूनबुजून लपवली असं ठरलं तर तुरुंगही. नवऱ्यानं भेट दिलेल्या पैशातून घेतलेल्या घराचं भाडं आयकर कायदा नवऱ्याच्याच उत्पन्नात मोजतो. इतकं सरकारला कळतं की पैसा त्याचा आहे! पण घर दाखवलं नाही याची नोटीस मात्र जिचं नाव आहे तिला. पैसे बाहेर जाताना वर्षाला दहा लाखांपुढच्या रकमेवर बँक जो वीस टक्के कर आधी कापून घेते, तोसुद्धा तिच्या पॅनवर जमा होतो. तो परत मिळाला तर पैसा तिच्या खात्यात येतो, आणि त्या खात्याचं एटीएम कार्ड कोणाच्या खिशात आहे हे वाचकांना सांगायला नको.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. जानेवारी २०२० पासून संयुक्त अरब अमिरातीतल्या न्यायालयांचे पैशांच्या वसुलीचे हुकूम आपल्या जिल्हा न्यायालयांतून बजावता येतात. घरासाठी तिकडच्या बँकेचं कर्ज काढलं, त्यावर बायकोचीही सही घेतली आणि नवऱ्यानं हप्ते थकवले, तर तो हुकूम इथपर्यंत येऊ शकतो आणि शहागंजमधल्या तिच्या वडिलोपार्जित दोन खोल्यांनाही हात घालू शकतो. कर्ज समुद्र ओलांडून येतं. आता हक्काचं पाहा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानं आपण बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क मिळवून दिला. सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली तो आणखी रुंद केला, घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी तिला तो हक्क सांगता येतो. पण कायद्याच्या व्याख्येत ती राहते किंवा कधी राहिली आहे असं घर येतं. दुबईच्या तेविसाव्या मजल्यावर ती कधी राहिली? स्थावर मालमत्तेचा दावा ती मालमत्ता जिथे असेल तिथल्या न्यायालयात लावायचा, हे आपल्या दिवाणी कायद्याचं मूळ तत्त्व आहे. म्हणजे वाटणी मागायची तर तिनं दुबईला जायचं, तिकडचा वकील करायचा, अरबीत कागद करायचे. कोणाच्या पैशानं? पासपोर्ट तरी कपाटातून काढून देतील का?

तीस-चाळीस वर्षं आपण काय केलं, जरा आठवून पाहू. शेतकरी संघटनेनं १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत नवऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर केला. १९९४ साली महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा वाटा दिला, दिल्लीला ते सुचायला २००५ उजाडलं. ग्रामपंचायतीच्या घराच्या उताऱ्यावर दोघांची नावं लागावीत म्हणून आपल्याच मैत्रिणी दारोदार फिरल्या. २०२१ पासून बाईच्या नावावर घर घेतलं तर राज्य सरकार मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट देतं. तलाक नुसता तोंडानं म्हणून होत नाही, तो सिद्ध करावा लागतो, असं आपल्या उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं २००२ साली सांगितलं, आणि मुसलमान बाईलाही सर्वांसारखी पोटगी मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये पुन्हा ठणकावलं. हे सगळं मोर्चे काढून, तुरुंगात जाऊन, कोर्टाच्या पायऱ्या झिजवून मिळवलेलं आहे. आणि हे सगळं या देशातल्या मातीवरच्या घराला लागू आहे. पैसेवाल्या पुरुषाला हा कायदा मोडायचीही गरज उरली नाही. त्यानं फक्त घर उचलून पलीकडे ठेवलं.

सगळ्यांनी मुद्दाम बायकोला बुडवण्यासाठी घर घेतलं असं आम्ही म्हणत नाही. मुलांना तिकडे शिकता यावं, रुपया घसरतो म्हणून पैसा सुरक्षित राहावा, वीस लाख दिरहमचं घर असलं की दहा वर्षांचा व्हिसा मिळतो, अशी कारणं खरी असतात. पण व्हिसाचंही तसंच. घर ज्याच्या नावावर, व्हिसा त्याचा, आणि बायको त्याच्या आधारानं राहणारी. परदेशात गेल्यावरही ‘कोणाची कोण’ हेच तिचं ओळखपत्र! हेतू चांगला असेल तर कागद चांगला करायला अडचण कसली, एवढंच आमचं म्हणणं आहे.

कोणी म्हणेल, तिकडचा कायदाच बायकांच्या विरुद्ध आहे, नवरे काय करणार? हेही अर्धवट ज्ञान. मुसलमान माणूस वारला तर तिकडे शरियतप्रमाणे मुलंबाळं असलेल्या विधवेला आठवा हिस्सा मिळतो, तो इथेही तेवढाच आहे. त्यात सुधारणा हवी ही मागणी आपली जुनीच. पण बिगरमुसलमानांसाठी फेब्रुवारी २०२३ पासून अमिरातीत जो नवा कायदा लागू झाला त्यात, मृत्युपत्र नसेल तर निम्मा वाटा हयात पती किंवा पत्नीला आणि निम्मा मुलगा-मुलगी भेद न करता सर्व मुलांना सारखा, अशी तरतूद आहे. मात्र आपल्या देशाचा कायदा लावून घेण्याची सोयही त्यात आहे, मृत्युपत्राची तर आहेच. तेव्हा वारसांमधले पुरुष कोणता कायदा मागतात ते पाहत राहा. एरवी उठता-बसता परदेशाचं कौतुक सांगणाऱ्यांना नेमकी त्याच वेळी आपली परंपरा आठवते.

मालक एका देशात आणि घर दुसऱ्या देशात, ही गोष्ट आमच्या शहराला नवीही नाही. हे शहर सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. फाळणीच्या आणि पोलिस कारवाईच्या धामधुमीत जे पाकिस्तानात गेले, त्यांची इथली घरं १९५० च्या कायद्यानं निर्वासितांची मालमत्ता म्हणून सरकारजमा होऊ लागली. पुढे १९६५ च्या लढाईनंतर शत्रू-मालमत्तेचा कायदा आला, आणि २०१७ च्या दुरुस्तीनं तर असं ठरवलं की, अशा मालकाचे वारस भारताचे नागरिक असले तरी त्यांना त्या मालमत्तेवर वारसा सांगता येणार नाही. दोन सरकारांच्या मध्ये घर अडकलं की आधी मागे राहिलेल्या माणसांचा हक्क जातो. मागे राहणाऱ्यांत बायका किती असतात, ते जुन्या शहरातल्या म्हाताऱ्यांना विचारा.

म्हणून केंद्रात येणाऱ्या प्रत्येक बाईला आम्ही आता काही गोष्टी सांगतो. परदेशी पैसे पाठवण्याच्या फॉर्मवर सही करण्याआधी तो कोणाकडून तरी वाचून घे, आणि बँकेतून प्रत माग, ती तुझी आहे. खतात तुझा हिस्सा किती लिहिला आहे ते बघ, निम्म्यापेक्षा कमी असेल तर का, ते विचार. कुलमुखत्यारपत्र द्यावंच लागलं तर विकण्याचा आणि गहाण टाकण्याचा अधिकार त्यातून काढून टाक. सोनं मोडायचंच असेल तर पावती तुझ्या नावानं आणि रक्कम तुझ्या खात्यात, मग पुढे. विवरणपत्र नवऱ्याचा सीए भरत असला तरी परदेशी मालमत्तेचं पान तू स्वतः पाहा. आणि पोटगीच्या दाव्यात असशील तर नोव्हेंबर २०२० पासून नवरा-बायको दोघांनाही मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं हे लक्षात ठेव. परदेशी राहणाऱ्या नवऱ्यासाठी त्यात वेगळे रकाने आहेत. ते त्यानं कोरे सोडले तर वकिलाला गप्प बसू देऊ नकोस. इथलं न्यायालय दुबईतलं घर वाटून देऊ शकणार नाही, पण त्याची किंमत धरून इथल्या पोटगीचा आकडा ठरवू शकतं. खोट्या प्रतिज्ञापत्राचा गुन्हाही इथेच चालतो.

हे झालं एकेकीचं. पण सगळा भार त्या एकटीवर टाकून आपण मोकळ्या होणार असू, तर संघटना कशाला? बँकांकडे आमच्या साध्या मागण्या आहेत. हा फॉर्म मराठीत आणि उर्दूत छापलेला मिळावा. घरासाठी पैसे जात असतील तेव्हा सही करणाऱ्या बाईला, घरातला पुरुष शेजारी नसताना, पैसा कशासाठी जातो आहे आणि त्या घरात तिचा हिस्सा किती आहे हे विचारलं जावं. सहमालकीचा जो नियम आहे तो पाळला गेला का, हे पाहण्यासाठी खरेदीखताची प्रत बँकेनं मागून घ्यावी आणि तिची एक प्रत त्या बाईला द्यावी. यात नव्या कायद्याची गरज नाही, अधिकाऱ्यानं दहा मिनिटं दिली तर पुरे. या मागण्यांचं निवेदन तयार आहे. शहागंज, सराफा आणि सिटी चौक भागातल्या बँकांच्या शाखांत ते आम्ही मिळून देणार आहोत. त्यावर सह्या हव्या आहेत. केंद्रात या, निवेदन आधी वाचा, मगच सही करा.